डिस्प्लेवरचा नॅपकिन

बेंगळुरूच्या गृहस्थांचा मेसेज आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. साठ डिस्क व्यवस्थित पोचल्या, मनापासून आभार, फक्त चौतीस नंबरची डबी रिकामी निघाली. मी लगेच टाइप केलं, "शक्य नाही. यादीत एकसष्ट आहेत." आणि पाठवून दिलं.

माझी यादी चुकली असेल हा विचार माझ्या मनात सगळ्यात शेवटी येतो. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्यांनी बनवलेला भाग बरोबर आहे की नाही हे मोजायचं, लिहायचं, सही करायची, हे माझं काम. घरीही तसंच चालतं. किराणा, औषधं, गॅस सिलिंडरची तारीख, सगळं लिहिलेलं असतं. घरचे हसतात, पण काही हरवलं की माझ्याकडेच येतात.

साडेनऊला टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला आणि चौतीस नंबर सापडली. साध्या पांढऱ्या पाकिटात, जुन्या ऑडिटच्या फाइलखाली. पाकिटावर माझीच चिठ्ठी स्टेपल केलेली: "क्र. ३४. ओरखडा मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी आणली." पुढे शनिवारची तारीख. त्यापुढे "परत नेली" आणि मोकळी जागा. ओरखडा वरवरचा होता हे आठवलं. त्या दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावलं, मी फाइल ड्रॉवरमध्ये टाकली आणि डिस्क तिच्याखाली गेली. रिकामी डबी मात्र घरी पिशवीत राहिली.

झाली चूक. गृहस्थांना माफीचा मेसेज केला. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना ती तारीख पुन्हा डोळ्यांपुढे आली. तो शनिवार. दुसऱ्या दिवशी रविवार. त्या रविवारी आम्ही कोणती जोडी ऐकली होती?

घरी जाऊन नोंदवही उघडेपर्यंत मला थांबावं लागलं. पुढचं सांगण्याआधी ती नोंदवही कसली होती ते सांगते.

ती माझ्या आणि दादाच्या वादाची नोंदवही होती. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आठ वर्षं परदेशात नोकरी करून तो पुण्यात स्थायिक झाला. येताना त्याने एक जड काळा प्लेअर आणि डिस्कची खोकी आणली. सीडीच्या पुढची पायरी म्हणून तेव्हा बाजारात दोन प्रकारच्या डिस्क आल्या होत्या, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ. दिसायला दोन्ही सीडीसारख्याच. दोघींचा दावा एकच, की सीडीत जे राहून जातं ते आमच्यात ऐकू येतं. डीव्हीडी-ऑडिओ सीडीसारखंच मोजमाप करते, पण कितीतरी बारीक आणि कितीतरी जास्त वेळा. एसएसीडीची पद्धतच वेगळी. ती एका सेकंदात लाखो वेळा फक्त एवढंच नोंदवते की आवाजाची लाट चढते आहे की उतरते आहे. लोकांना दोन्ही नको होतं. ते आधी एमपीथ्रीकडे गेले आणि मग फोनकडे. बाजारात ही लढाई कोणीच जिंकलं नाही. आमच्या घरात ती वीस वर्षं चालली.

दादा डीव्हीडी-ऑडिओचा. मी एसएसीडीची. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा.

"काल तो चेलो पुन्हा ऐकला. तुझ्या एसएसीडीत गज तारेवर नसतोच गं, कापसावर असतो."

"आणि तुझ्या डीव्हीडीत तार नसते, पत्रा असतो."

"तू आकडे ऐकतेस. वाजवणारा ऐकत नाहीस."

"मग मोजू या ना, दादा. डोळे बांधून. कोणती कुठली ते न सांगता."

"ये पुण्याला. बांध माझे डोळे."

मी कधी गेले नाही. ऑडिट असायचं, परीक्षा असायच्या, दिवाळी असायची. दोन वर्षांपूर्वी दादा गेला, झोपेतच. वहिनी मुलीजवळ लहान फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि प्लेअर आणि एकशे सव्वीस डिस्क माझ्याकडे आल्या. पासष्ट एसएसीडी, एकसष्ट डीव्हीडी-ऑडिओ. माझ्याकडे एकच कपाट मोकळं होतं. त्यात साधारण निम्म्याच मावत होत्या.

कोणत्या ठेवायच्या ते ऐकून ठरवू, असं मी वहिनीला सांगितलं. दादाशी राहून गेलेली गोष्ट करायची. जी हरेल ती कोणा शौकिनाला देऊन टाकायची. वहिनी म्हणाली, "कर बाई. निदान निकाल तरी लागू दे. मी वीस वर्षं ऐकतेय तुमचं."

नाशकात रविवार कारंजा चौकाजवळच्या एका गल्लीत भाऊंचं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, अँप्लिफायर, लग्नाच्या बँडवाल्यांचे स्पीकर, जे बिघडेल ते. भाऊ मूळचे नामपूरकडचे, पण तीस वर्षं नाशकात. दादाच्या कॉलेजच्या दिवसांतले त्याचे मित्र. दादाचा पहिला अँप्लिफायर भाऊंनीच बांधला होता, बिस्किटाच्या डब्यात. माझ्या घरासमोर दिवसभर रिक्षा आणि स्कूलबस. भाऊंच्या दुकानावरची माडी मात्र रविवारी शांत असते, गल्लीच बंद असते. प्लेअर तिथेच ठेवायचं ठरलं. "माझ्या नजरेखाली राहील, ताई," भाऊ म्हणाले. "दादांचं मशीन आहे. मी आहे ना."

आमच्यातले तिसरे म्हणजे काका. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर तबला शिकवला. वय शहात्तर. त्यांना मी दुसरे कान म्हणून घेतलं. कारण एकाच माणसाचं वाचन, म्हणजे मोजलेला आकडा, मी कंपनीत स्वीकारत नाही, मग इथे का स्वीकारावं?

नियम मी केले. रविवारी एक जोडी, म्हणजे एकच ध्वनिमुद्रण दोन्ही प्रकारांत. भाऊ आमच्या पाठीमागे प्लेअरपाशी बसणार. अ कोणती आणि ब कोणती ते त्यांनी आधी चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी घडी करून चहाच्या थर्मासखाली ठेवायची. आम्ही ऐकायचं, पसंती लिहायची, मग चिठ्ठी उघडायची. आणि डिस्क लावली की प्लेअरच्या डिस्प्लेवर तिचा प्रकार उमटतो, म्हणून तो झाकायचा. त्यासाठी मी घरून जाडसर निळा नॅपकिन आणला. पहिल्याच दिवशी मी भाऊंना डेसिबल मीटर दाखवून समजावलं, "दोन्हींचा आवाज अगदी सारखा हवा. एक केसभर जरी मोठा असला तरी कानाला तोच चांगला वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. माणूस तिथेच फसतो."

"अस्सं," भाऊ म्हणाले. "म्हणजे अर्ध्या डेसिबलात बी माणूस फसतो?"

"अर्ध्यातसुद्धा."

हे मीच त्यांना शिकवलं.

बत्तीस रविवार आम्ही ते केलं. एप्रिलमध्ये सुरू केलं, थंडी पडेपर्यंत. सकाळी साडेनऊला काका आणि मी माझ्या स्कूटरवरून जायचो. काका मागे बसून सगळ्या सिग्नलवर मला सूचना द्यायचे. अकराला आटोपलं की कोपऱ्यावर मिसळ. मला वाटतं दादा गेल्यानंतर मी आठवड्यातून एकदाच नीट श्वास घेत होते, तो त्या माडीवर. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, पाठीमागे भाऊंच्या चपलांचा आवाज, डिस्कचा ट्रे आत जाताना होणारी घरघर, मग शांतता आणि त्या शांततेतून उमटणारा पहिला सूर. मी डोळे मिटायचे. दादा शेजारी बसलाय असं काही मला वाटायचं नाही, मी तशी बाई नाही. पण त्याला उत्तर देते आहे असं वाटायचं.

काका ऐकण्यात वाकबगार असतील अशी माझी अपेक्षा होती. सुरुवातीला ते बोललेही. मे महिना अर्धा सरला तसं त्यांचं एकच वाक्य सुरू झालं.

"दोन्ही सारखंच आहे गं."

"काका, नीट ऐका. दुसऱ्यात जागा जास्त नाही वाटत?"

"जागा माडीत जास्त आहे. वाजतंय ते सारखंच. काय हो भाऊ?"

भाऊ म्हणायचे, "मी काय बोलू काका, मला तर चिठ्ठी माहीत."

"चहा तरी वेगवेगळा द्या मग. काहीतरी फरक कळू दे."

मी त्यांच्या रकान्यात "फरक नाही" लिहायचे. दहा-बारा आठवडे तसंच चाललं तेव्हा मी घरी आमच्या यांना म्हणाले की काकांचे कान गेले बहुतेक, वय झालं. काकांना बोलले नाही. त्यांना रविवारची सवय झाली होती, बसू दे म्हटलं. ते मी उपकारासारखं केलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

माझे कान मात्र चालत होते. पानंच्या पानं भरली होती. "अ कोरडा." "ब मध्ये झांजेचा सूर विरताना शेवटपर्यंत ऐकू येतो." चिठ्ठी उघडली की बहुतेक वेळा माझी पसंती एसएसीडी निघायची. बत्तिसाव्या रविवारी मी बेरीज केली आणि सव्वीस रविवार एसएसीडीच्या बाजूने पडले. वहिनीला फोन केला. "दादा हरला, वहिनी. कागदावर आहे सगळं." वहिनी म्हणाली, "सांगते त्याला." तिच्याकडे त्याचा फोटो जेवणाच्या टेबलासमोरच आहे.

पंधरा दिवसांत मी एकसष्ट डब्या पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांत भरून बेंगळुरूला पाठवल्या. तिथे अशा डिस्क जपणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यातल्या एका गृहस्थांनी आनंदाने घेतल्या. डबीवरचे नंबर यादीशी जुळवले. डब्या उघडल्या नाहीत.

आणि आता मी घरी येऊन पर्ससकट ओट्यापाशी उभी राहून नोंदवहीचं पान उलटत होते. रविवार चोविसावा. जोडी चौतीस आणि बारा, पियानोची. अ: डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे चौतीस. ब: एसएसीडी. पसंती ब. शेरा माझ्या अक्षरात: "अ मध्ये पियानो दबलेला, खर्जाचे सूर एकमेकांत मिसळतात. ब मध्ये सभागृहाची खोली कळते."

चौतीस नंबर त्या सकाळी सातपूरला माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मग दबलेला पियानो मी कुठून ऐकला?

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. नोंदवही, चौतीस नंबर आणि बारा नंबर पिशवीत घेतल्या आणि दुकानात गेले. भाऊ कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते.

"ताई? आज कसं काय?"

"वर चला. एक डिस्क लावायची आहे."

"आज मंगळवार."

"माहीत आहे."

त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसले. जिना चढताना मी पुढे होते. माडीवर खुर्च्या एकावर एक ठेवलेल्या होत्या, प्लेअरवर माझा निळा नॅपकिन घडी घालून. तो मी उचलला आणि बाजूला ठेवला. बत्तीस रविवारांत मी डिस्प्लेकडे कधीच बघितलं नव्हतं, तो माझाच नियम होता. चौतीस नंबर ट्रेमध्ये ठेवली. ट्रे आत गेला. तीच ओळखीची घरघर. डिस्प्लेवर काही वेळ रेघा पळाल्या आणि मग अक्षरं आली. नो डिस्क.

भाऊ जिन्याच्या दाराशीच उभे होते.

मी बारा नंबर लावली. एसएसीडी. ही लगेच वाचली आणि पियानो सुरू झाला. डिस्प्लेवर मात्र एसएसीडी उमटलं नाही. सीडी उमटलं.

इथे मला काही विचारावं लागलं नाही, कारण यंत्रापुरतं मला कळतं. बऱ्याच एसएसीडींना दोन थर असतात. एका थरात खरं बारीक ध्वनिमुद्रण, दुसऱ्यात साधी सीडी, म्हणजे जुन्या प्लेअरवाल्यांचीही सोय. प्लेअरलाही दोन डोळे असतात, दोन लेझर. एक सीडी वाचतो. दुसरा डीव्हीडी-ऑडिओही वाचतो आणि एसएसीडीचा खरा थरही. तो दुसरा डोळा गेलेला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पाचव्या रविवारच्या आधी."

"पाचव्या."

"डिस्क वाचायला वेळ लावत होतं मशीन. म्हटलं ताईंच्या आधी नीट करून ठेवू. लेझर थकला की त्याचा करंट वाढवतात, ताई, एक बारका स्क्रू असतो, केसभर फिरवायचा. सगळेच करतात. मी शेकडो केलेत." त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "हातनं जास्त फिरला. जळाला. दादांचं मशीन माझ्या हातनं जळालं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नवीन लेझर बघतो, बसवतो, मग सांगतो, असं म्हणत होतो. त्याचा माल कुठं मिळेना. एक रविवार काढला, दुसरा काढला. मग लय झाले, ताई. मग जमलंच नाय."

"काय लावत होतात तुम्ही?"

"एसएसीडीवाली. तिची सीडी वाजते ना. तीच दोनदा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग मला फरक कसा ऐकू यायचा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला उत्तर कळलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून हवं होतं.

"एकदा आवाज जरासा वाढवायचो," भाऊ म्हणाले. "अर्धा डेसिबल."

"आणि चिठ्ठी?"

"चिठ्ठी कोरी असायची. थर्मास उचलताना लिहायचो. वाढवलेलीला एसएसीडी लिहायचो." मग घाईने, जणू हे सांगितलं की बरं वाटेल, "तुमचं मन तिकडं होतं ना, ताई. पहिल्यापासून. म्हटलं निदान तुम्हाला आनंद. मधून मधून उलटंबी लिहायचो, नाहीतर तुम्हाला संशय आला असता."

ते "मधून मधून उलटं" मला सगळ्यात जास्त लागलं. घाबरलेला माणूस लपवतो, ते मी समजू शकते. कारखान्यात रोज बघते. पण खोट्या वाचनांत थोडी विरुद्ध वाचनं मिसळायची, म्हणजे तक्ता खरा दिसेल, हे घाबरलेल्या माणसाचं काम नाही. हे तक्ता वाचणाऱ्याला ओळखणाऱ्या माणसाचं काम आहे.

"त्या रविवारी चौतीसची डबी रिकामी होती," मी म्हणाले.

"हो. उघडली तर आत काही नाही."

"बोलला असतात तर तेव्हाच कळलं असतं."

"म्हणून तर बोललो नाही."

जिन्यावरून उतरताना मला आणखी एक तारीख आठवली. दादा गेल्यानंतरची पहिली राखी मी बांधली नव्हती, कोणाला बांधणार? दुसऱ्या वर्षी, म्हणजे या ऑगस्टमध्ये, भाऊ सकाळीच माझ्या दारात आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट. आत न येताच हात पुढे केला. म्हणाले, "आणून ठेवली नसेल तर दोरा चालेल." मी आतून लाल दोरा आणून बांधला आणि मग दार लावून रडले. तेव्हा लेझर जळून तीन महिने झाले होते.

घरी आल्यावर मी काकांकडे गेले. ते खिडकीशी पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. ऐकून ते हसले नाहीत. "मी सांगितलं होतं" असंही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "म्हणजे मी ठीक आहे?"

"काय?"

"अगं, मला वाटलं माझे कान गेले. तुला एवढं ऐकू येतंय, पानं भरतेस, आणि मला काहीच नाही. सुनेला म्हणालो होतो, डॉक्टरकडे घेऊन चल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नंतर नंतर वाटायचं उगाच एकदा म्हणावं, दुसरं चांगलं आहे. पण खोटं कसं बोलणार? स्वराचं काम."

मी नोंदवही त्यांच्यासमोर उघडली, कारण मला आता ते दिसलं होतं आणि एकटीने बघवत नव्हतं. काकांचा रकाना. रविवार एक: "पहिल्यात तार मोकळी." दोन: "पहिलंच." तीन: "दुसऱ्यात हात दिसतो." चार: "फरक आहे, पण कोणता चांगला सांगता येत नाही." पाच: "सारखंच." सहा: "सारखंच." आणि तिथून खाली बत्तीसपर्यंत, एकाखाली एक.

कारखान्यात एखाद्या मशीनचं वाचन असं एका दिवसात बदललं आणि बदललेलंच राहिलं, तर मी मशीन थांबवते. मुलांना पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवते. इथे तो बदल माझ्याच अक्षरात अठ्ठावीस ओळी लिहिलेला होता आणि मी निष्कर्ष काढला की म्हातारा बहिरा झाला. भाऊंनी मला फसवलं, पण ते करू शकले कारण माझा स्वतःचा रकाना मला फार आवडत होता.

खरे रविवार चारच. त्या चारांत माझी पसंती दोन-दोन. काकांची तीनदा डीव्हीडी-ऑडिओ, एकदा अनिर्णित. चार वाचनांवर मी कंपनीत वॉशरसुद्धा पास करत नाही.

वहिनीला फोन करायला मला तीन दिवस लागले.

"वहिनी, मी जे म्हणाले होते ते मागे घेते. दादा हरला नाही."

"मग जिंकला?"

"तसंही नाही. निकाल रद्द. मोजमाप खोटं होतं." आणि मग कारण सांगितलं. भाऊंचं नाव घेताना आवाज नीट ठेवला.

"मी त्याला सांगून बसले गं," वहिनी म्हणाली. "हरलास म्हणून. हसून सांगितलं. आणि त्याच्या डिस्क?"

"गेल्या. तिकडे त्याच आठवड्यात लोकांत वाटल्या गेल्या. दिलेल्या वस्तू परत मागायला मला जमलं नाही."

"सगळ्या?"

"एक राहिली. चुकून."

डिसेंबर संपता संपता भाऊ येऊन प्लेअर काकांच्या घरी ठेवून गेले, माझ्या दारी आले नाहीत. कुठूनतरी जुन्या बंद मशीनमधला लेझर मिळवून त्यांनी बसवला होता. वर चिठ्ठी चिकटवलेली, "दोन्ही वाचतंय. बघून घ्या." मी तो वर आणून बघून घेतलं. आता मी डिस्प्ले बघितल्याशिवाय काहीच मानत नाही. चौतीस लावली, डीव्हीडी-ऑडिओ उमटलं. बारा लावली, एसएसीडी उमटलं. दोन्हींवर तोच पियानो वाजला आणि मी ऐकत राहिले, पण त्याचा उपयोग नव्हता. कोणती कुठली हे मला दिसत होतं आणि दिसत असलं की मी काय ऐकते हे आता मला चांगलं माहीत आहे.

दर रविवारी साडेनऊला भाऊंचा मिस्ड कॉल येतो. एकच रिंग. मी उलट करत नाही.

परवा काका वर आले. प्लेअर बघितला, शेजारी चौतीस आणि बारा बघितल्या. "एक जोडी तरी आहे," ते म्हणाले. "करून टाक ना. मी बसतो मागे, बटणं दाबतो."

"तुम्ही नाही काका. तुम्ही ऐकायला हवेत."

"मग तुझ्या घरच्यांना बसव."

"त्यांना ट्रे उघडता येत नाही. आणि ते हसतात. हसण्यावरून कळतं."

"मग कोण?"

मी नोंदवहीत नवीन पान घातलं आहे. वर रविवार एक लिहिलं आहे, पुन्हा पहिल्यापासून. जोडी: चौतीस आणि बारा. श्रोते: काका, मी. आवाज मोजून समान केला, मीटर कधी प्रमाणित केला ती तारीख तपासली. निळा नॅपकिन धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. दादाला उत्तर द्यायला एक जोडी पुरणार नाही, पण निदान ते खरं असेल. फक्त हे काम एकटीने होत नाही. कोणीतरी आपल्या पाठीमागे बसावं लागतं आणि आपण मागे वळून बघायचं नसतं. डिस्क लावणाऱ्यासाठी चालक असा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय मी पुढे जात नाही आणि तो अजून मोकळा आहे.